सात मिनिटं

लहान बोट धक्क्याला लागली तेव्हा पद्मजा आधी उतरली, आणि मागं वळून तिनं हात पुढं केला. माझे पाय दगडावर नीट टेकल्यावर तिनं तो सोडला आणि पिशवीतून टोपी काढून माझ्याकडं दिली.

"ऊन आहे अप्पा. घाला."

मी टोपी घातली. सकाळचे साडेआठ वाजले होते, सप्टेंबर संपत आला होता. आमचं मोठं जहाज मागं समुद्रात नांगर टाकून उभं होतं. नाफ्प्लियो हे ग्रीसच्या किनाऱ्यावरचं गाव. धक्का लहान, म्हणून जहाजावरच्या माणसांना असं थोडं थोडं करून छोट्या बोटींतून किनाऱ्यावर आणत होते. संध्याकाळी साडेपाचला शेवटची बोट. तोवर दिवस आमचा होता. आधी जुने अवशेष, मग एका द्राक्षबागेत जेवण आणि वाईन, असा कार्यक्रम कागदावर छापून आदल्या दिवशी खोलीत ठेवला होता.

या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. मी तेव्हा चौसष्ट वर्षांचा होतो. वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत एकतीस वर्षं केमिस्ट म्हणून काढली आणि निवृत्त होऊन आष्ट्याला राहत होतो. बायको सुनंदा माझ्या निवृत्तीच्या वर्षभर आधी गेली. पद्मजा आमची एकुलती एक. जावई अभिनंदन चौगुले पुण्यात एका कंपनीत होते आणि मला मामा म्हणायचे. सासऱ्याला मामा म्हणायची आमच्याकडची रीतच आहे.

ही सहल पद्मजानं ठरवली होती. ती दर रविवारी सकाळी दहाला फोन करायची. तब्येत, गोळ्या, पाऊसपाणी, एवढं विचारायची आणि मी उत्तरं द्यायचो. चार-पाच मिनिटं. अशाच एका रविवारी म्हणाली, "पासपोर्ट काढायला टाका. सप्टेंबरमध्ये आपण तिघं बोटीनं जायचंय." कुठं, कशाला, मी काही विचारलं नाही. त्याआधीची तीन वर्षं मी कुणालाच काही विचारत नव्हतो. चला म्हटलं की चलायचं, बसा म्हटलं की बसायचं, वाढलं की जेवायचं.

जेवणाचं खरं सांगायचं तर त्या काळात मला चव लागत नसे. डिस्टिलरीत माझ्या नाकाचा दबदबा होता. मळी आंबत घातलेल्या टाक्यांच्या रांगेतून मी नुसता चालत गेलो तरी कुठली टाकी बिघडायला लागली आहे ते सांगायचो, आणि प्रयोगशाळेचा आकडा नंतर येऊन तेच म्हणायचा. ते नाक गेलं. सांगलीच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, सगळं ठीक आहे म्हणाले. जहाजावर चार दिवस लोक ताटंच्या ताटं भरून घेत होते. मी समोर येईल ते खाल्लं. गरम आहे की गार, तेवढं कळायचं.

धक्क्यावर आमच्यासाठी बस उभी होती. तीस-पस्तीस माणसं होती, बहुतेक जर्मन आणि इंग्लंडची म्हातारी जोडपी. वाट दाखवणारी बाई पन्नाशीची, उन्हानं रापलेली, पायात भक्कम बूट. नाव वासिलिकी, पण वासो म्हणा, म्हणाली. ती इंग्रजीत सांगायची आणि अभिनंदन माझ्याकडं झुकून तेच मराठीत सांगायचे. मला इंग्रजी समजतं हे त्यांना ठाऊक होतं. पण माझ्या शेजारी बसून काय बोलायचं हा प्रश्न त्यामुळं सुटत होता, म्हणून मीही मान हलवत राहिलो. पद्मजा पुढच्या सीटवर एकटी बसली होती.

तासाभरानं नेमेआ नावाच्या खोऱ्यात पोचलो. चारी बाजूंना टेकड्या आणि मध्ये नजर जाईल तिथवर द्राक्षवेली. आपल्याकडं तासगावला मांडवावर चढवतात तशा नाहीत, कमरेएवढ्या, रांगांनी. माणसं वाकून घड काढत होती. त्या वेलींच्या मधोमध एक पडकं देऊळ. नऊ खांब उभे होते, बाकीचे आडवे झालेले. त्यांचे दगड मुळ्याच्या चकत्या पडाव्यात तसे एकावर एक कलंडून राहिले होते. दोन हजार वर्षांहून जुनं, असं वासो म्हणाली. सगळ्यांनी माना वर केल्या. मीही केली. उंच होते खांब. आणखी काही वाटलं नाही.

अभिनंदननी आमचा फोटो काढला, मी आणि पद्मजा, मागं खांब. "मामा, जरा जवळ सरका," म्हणाले. मी सरकलो. पद्मजाही सरकली. आमच्यात वीतभर अंतर राहिलं.

मग वासोनं सगळ्यांना थोडं पलीकडं नेलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. गुडघ्याइतक्या उंचीच्या दगडांचं एक कुंपण, आत वाळकं गवत. ती म्हणाली, देऊळ सगळे बघतात, पण या गावचं मूळ इथं आहे. इथं दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, धावण्याचे, कुस्तीचे, आणि सगळ्या ग्रीसमधून माणसं येत. ते खेळ कुणासाठी सुरू झाले? एका तान्ह्या बाळासाठी.

ती गोष्ट तिनं अगदी साधेपणानं सांगितली. इथल्या राजाराणीला नवसानं मुलगा झाला. भविष्य सांगणाऱ्यांनी बजावलं होतं की पोर स्वतः चालायला लागेपर्यंत त्याला जमिनीवर ठेवू नका. म्हणून एक दाई नेमली. ती दिवसभर त्याला कडेवर घेऊन फिरायची. एके दिवशी तहानेनं कासावीस झालेले सैनिक आले आणि पाणी कुठं मिळेल म्हणून तिला विचारू लागले. झरा जवळच होता. तिनं बाळाला रानपाल्याच्या गादीवर ठेवलं आणि त्यांना वाट दाखवायला गेली. थोडाच वेळ. तेवढ्यात साप आला. सैनिकांनी मग त्या बाळाच्या नावानं खेळ भरवले. पुढं शेकडो वर्षं ते चालले, पण पंच नेहमी काळे कपडे घालून उभे राहायचे. सुतकाचे. आणि जिंकणाऱ्याच्या डोक्यावर त्याच रानपाल्याचा मुकुट.

अभिनंदननी हे मराठीत सांगितलं नाही. बाळ हा शब्द आला तेव्हाच ते गप्प झाले होते, आणि साप आला तेव्हा वळून खांबांच्या दिशेनं चालायला लागले. मी त्यांच्या पाठीकडं बघत होतो. तेवढ्यात मला पद्मजाचा आवाज ऐकू आला. तिनं वासोला इंग्रजीत विचारलं होतं, त्या दाईचं पुढं काय झालं.

वासोनं चष्मा कपाळावर चढवला. ती म्हणाली, हे फारसं कुणी विचारत नाही. राणीनं तिला मारायचं ठरवलं होतं. पण कुणीतरी मध्ये पडलं, राणीला समजावलं, आणि दाईला सोडून दिलं असं म्हणतात. काही जण निराळंही सांगतात.

"राणीनं माफ केलं?" पद्मजानं विचारलं.

"मारलं नाही," वासो म्हणाली. "तेवढंच सांगतात."

पद्मजानं मान हलवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "सावलीत चला अप्पा."

आता मला मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पद्मजाला मुलगा होता, सुमेध. त्याच्या सहाव्या महिन्यात तिची रजा संपली. मी आष्ट्यात एकटाच होतो, म्हणून तिनं मला पुण्याला बोलावून घेतलं. मी गेलो. एकसष्टाव्या वर्षी मी दूध कोमट करायला शिकलो, लंगोट बदलायला शिकलो. तो माझ्या छातीवर झोपायचा. अकरा महिन्यांचा झाला तेव्हा रांगण्यात पटाईत होता आणि काहीही धरून उभा राहायचा. त्यांच्या इमारतीत पाणी सकाळी दोनच तास यायचं. मी रोज बाथरूममधली मोठी बादली काठोकाठ भरून ठेवायचो. त्या दिवशी तो हॉलमध्ये गादीवर झोपला होता. समोरच्या घरात साठ्येबाई एकट्या राहायच्या. त्यांनी दार वाजवलं, सिलिंडर बदललाय, गॅसचा वास येतोय, जरा बघता का. मी केमिस्ट, त्यांना वाटलं मला कळेल. दार उघडं ठेवून मी गेलो, म्हणजे तो रडला तर ऐकू येईल. तो रडला नाही. उठला, रांगत बाथरूमपर्यंत गेला आणि बादलीला धरून उभा राहिला.

पोलिसांनी जबाब घेतला. किती वेळ बाहेर होतात? मी म्हणालो, सात मिनिटं. साठ्येबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, पाच-सात मिनिटं असतील. अपघाती मृत्यू म्हणून कागद पुरा झाला. मला कुणी एक शब्द बोललं नाही. अभिनंदनच्या आईसुद्धा नाहीत. तेराव्यानंतर मी आष्ट्याला आलो आणि पुढच्या रविवारी सकाळी दहाला फोन वाजला. तब्येत कशी आहे, गोळ्या घेतल्या का.

तर आम्ही सावलीत गेलो. तिथून सगळ्यांना खेळांचं मैदान बघायला नेलं. खेळाडू ज्यातून मैदानात यायचे ते दगडी भुयार अजून शाबूत आहे. आत गार होतं. भिंतीवर त्या वेळच्या पोरांनी आपापली नावं खरडली होती आणि वासो त्यांवर बॅटरी धरून वाचून दाखवत होती. मैदानात गेल्यावर दोन जर्मन म्हाताऱ्यांनी शर्यत लावली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एका दगडावर बसून राहिलो.

दुपारी एकच्या सुमाराला द्राक्षबागेत पोचलो. एका कुटुंबाचीच बाग होती. अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली लांब टेबल मांडलं होतं. पाव, चीज, ऑलिव्ह, टोमॅटो. मालक साठीचा, जाड बोटांचा, सगळ्यांचे ग्लास स्वतः भरत होता. लाल वाईन, इथल्याच द्राक्षांची. संत जॉर्जच्या नावाचं द्राक्ष आहे म्हणाला. माझ्यापाशी आल्यावर मी ग्लासावर हात ठेवला. अभिनंदननी वासोकरवी त्याला सांगितलं की आमच्या मामांनी एकतीस वर्षं दारू तयार केली, पण आम्ही जैन, त्यांनी ती कधी तोंडाला लावली नाही. मालकाला याची फार गंमत वाटली. त्यानं मला उठवून शेडमध्ये नेलं. मोठमोठ्या टाक्यांत नुकती चिरडलेली द्राक्षं फसफसत होती, वर सालांचा जाड थर आला होता. मी वाकून बघितलं. फेसाच्या रंगावरून दिसत होतं की आंबणं जोरात सुरू आहे, तिसरा-चौथा दिवस असावा. मी बोटांनी तीन, चार असं दाखवलं. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. वास मात्र आला नाही.

परत टेबलाशी आलो तर पद्मजानं आपला ग्लास अभिनंदनकडं सरकवलेला होता. पाणी पीत होती. ती मित्रमैत्रिणींत कधीतरी वाईन घेते हे मला माहीत होतं, म्हणून ते माझ्या लक्षात आलं. जेवण झाल्यावर वासो मंडळींना तळघर दाखवायला घेऊन गेली. अभिनंदन उठले, पद्मजाकडं बघितलं, तिनं मान हलवली, आणि ते एकटेच गेले. दोघांचं ठरलेलं असावं. टेबलावर आम्ही दोघंच उरलो, आणि पलीकडं भांडी उचलणारी मालकाची बायको.

पद्मजा थोडा वेळ पावाचा चुरा बोटानं गोळा करत राहिली.

"अप्पा, मला चौथा महिना लागलाय."

माझ्या पुढ्यातल्या बशीत ऑलिव्हच्या बिया होत्या. नऊ होत्या. "बरं झालं," मी म्हणालो. मग म्हणालो, "तब्येत?"

तब्येत चांगली आहे, म्हणाली. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय. मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलीय. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण बोलतो ते काही बोलणं नव्हे, म्हणून तिला मला समोर बसवून सांगायचं होतं. घरी बसवलं असतं तर मी उठून आत गेलो असतो. इथून मी कुठं जाणार.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा, असं मी म्हणेन.

"बाळ सहा महिन्यांचं झालं की मी परत कामावर जाणार. मला पाळणाघर नकोय, बाई नकोय. तुम्ही या."

"मी?"

"तुम्हीच सांभाळा. अभिनंदनशी बोललेय मी. त्यांना वेळ लागला, पण ते हो म्हणालेत." तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "तीन वर्षं मी एकच गोष्ट डोक्यात घोळवतेय अप्पा. सात मिनिटं. सात मिनिटं म्हणजे काय असतं? मी कपडे वाळत घालायला गच्चीत गेले असते. दूधवाल्याशी बोलले असते. माझ्या हातूनही हे झालं असतं. मघाशी ती बाई सांगत होती तेव्हा मला त्या दाईचा रागच येईना. ती पाणी दाखवायला गेली होती. तुम्ही गॅस बघायला गेला होता."

मी हो म्हणायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं. ती पुण्याला घेऊन गेली असती, माझी खोली पुन्हा लावून दिली असती. साठ्येबाई आदल्या वर्षी वारल्या होत्या. जगात आता हे ठाऊक असलेला मी एकटाच होतो.

मला भीती वाटली नाही. धीर आला असंही नाही. मी फक्त ऐकलं की मी बोलतोय.

"सात नव्हती."

"काय?"

"सात मिनिटं नव्हती पद्मा. पंचवीस होती."

मालकाची बायको बशा एकावर एक ठेवत होती. ती माझ्यापुढची बशी उचलून घेऊन गेली. पद्मजा हलली नाही.

"गॅसचं काय झालं होतं?" तिनं विचारलं. आवाज बदलला नव्हता.

"रेग्युलेटर नीट बसला नव्हता. दोन मिनिटांत झालं."

"मग?"

"मग त्यांनी चहा ठेवला."

"आणि तुम्ही थांबलात."

"थांबलो."

"काय बोलत होता?"

"कारखान्याचं. मळीपासून स्पिरिट कसं करतात ते त्या विचारत होत्या. तुझी आई गेल्यापासून मला कुणी ते विचारलं नव्हतं. मी सगळं सांगत बसलो. टाक्या, वाफ, सगळं."

"घड्याळ बघितलं होतं?"

"जाताना अकरा-पाच झाले होते. तिकडून निघालो तेव्हा साडेअकरा. त्यांच्या भिंतीवर घड्याळ होतं. माझ्या समोरच होतं ते."

मग तिनं विचारलं, "चहाबरोबर काही होतं?"

"बिस्किटं होती."

"किती खाल्लीत?"

"दोन."

तिनं मान हलवली, जशी वासोच्या उत्तरावर हलवली होती तशीच. उठली, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि अंगण ओलांडून वेलींच्या रांगेत शिरली. मी बसून राहिलो. कमरेच्या वर ती दिसत होती, पांढरा कुडता, हळू चालत जाणारी. घड काढणाऱ्या बायकांपैकी एकीनं तिला काहीतरी विचारलं आणि हातातला घड तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला आणि तसाच हातात धरून पुढं गेली. रांगेच्या टोकाला जाऊन ती आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. किती वेळ, ते मी सांगू शकेन. एकोणीस मिनिटं. सुमेध गेल्यापासून मला कुठल्याही गोष्टीला किती वेळ लागला हे अचूक सांगता येतं.

अभिनंदन हातात एक बाटली घेऊन परत आले. पद्मजा कुठंय म्हणून विचारलं. मी वेलींकडं बोट दाखवलं. त्यांनी तिकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सांगितलं तिनं?" ते म्हणाले. मी हो म्हणालो. ते माझ्या शेजारी बसले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मामा, झालं ते झालं. मागचं सगळं आता सोडून द्या." तो हात तिथं होता तेवढा वेळ मी टेबलाच्या लाकडाकडं बघत होतो. त्यांना मी काही सांगितलं नाही. ते तिच्याकडूनच त्यांच्यापर्यंत जायला हवं होतं, किंवा जायला नको होतं. ते ठरवणं माझ्याकडं राहिलं नव्हतं.

बसमध्ये ती अभिनंदनच्या शेजारी बसली, कपाळ काचेला लावून. मी मागच्या सीटवर होतो. वासोनं माइकवर काय काय सांगितलं ते आठवत नाही. टेकड्या गेल्या, मग संत्र्यांच्या बागा, मग समुद्र दिसायला लागला.

धक्क्यावर बोटीसाठी रांग लागली होती. अभिनंदन पाण्याच्या बाटल्या आणायला गेले. पद्मजा येऊन माझ्या बाजूला उभी राहिली. डोळे कोरडे होते, चेहरा उन्हानं लाल झालेला.

"हे तुम्ही मला का सांगितलंत?" ती म्हणाली. "मी विचारलं नव्हतं."

"तू बाळ माझ्याकडं ठेवणार होतीस."

"मला कधी कळलं नसतं."

"हो."

रांग दोन पावलं सरकली, आम्हीही सरकलो. समोरच्या बाईच्या पिशवीतून पावाचा लांब तुकडा बाहेर आला होता आणि पद्मजा त्याच्याकडं बघत होती.

"आता नाही ठेवणार," ती म्हणाली.

"नको ठेवूस."

तेवढ्यात अभिनंदन आले आणि बोटही लागली. खलाशानं एकेकाला दंडाला धरून आत घेतलं. आम्ही तिघं एका बाकावर बसलो, पद्मजा मध्ये. बोट सुटली. इंजिनाचा आवाज मोठा होता, त्यामुळं ती जे बोलली ते अभिनंदनना ऐकू गेलं नसावं. ती माझ्याकडं वळलीही नाही, पाण्याकडं बघत होती.

"या मात्र," ती म्हणाली. "मी घरात असेन तेव्हा या."

मार्चमध्ये तिला मुलगी झाली, अन्वयी. मला बाराव्या दिवशी बोलावलं. त्यानंतर दरवर्षी मे महिन्यात आणि दिवाळीत मी पुण्याला जातो, आठ-दहा दिवस राहतो. पद्मजा त्या दिवसांत रजा काढते. नेमेआत जे बोलणं झालं ते तिनं अभिनंदनना सांगितलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्यांच्या वागण्यात कधी फरक पडला नाही. रविवारचा फोन अजून दहालाच येतो. आता तो अर्धा तास चालतो, आणि त्यातला बराचसा वेळ अन्वयी बोलते.

ती आता नऊ वर्षांची आहे. मी तिला अपूर्णांक शिकवले, सायकल शिकवली. पद्मजा तेव्हा बाकावर बसून होती. त्या घरात अन्वयी आणि मी, दोघंच, असे आजवर एकदाही राहिलेलो नाही. अभिनंदन ऑफिसला गेलेले असतात, घरात कोथिंबीर संपलेली असते, आणि मंडई दोन गल्ल्या सोडून आहे. पद्मजा पिशवी घेते, लेकीला हाक मारते, मग माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणते, "चला अप्पा, तुम्हीपण." मी वर्तमानपत्र ठेवतो आणि चपला घालतो.